पुढच्या आखाजीपर्यंत थांबू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही चोपड्याकडे कनिष्ठ महाविद्यालयात शिकवता. पीएचडीचा विषय 'खानदेशातील अहिराणी स्त्रीगीते', नोंदणी २०२१ ची. चारशेच्या वर गाणी मोबाइलमध्ये, पाच प्रकरणं लिहून झालेली आणि मुदत संपायला आठ महिने. नंदुरबार जिल्ह्यातले दोन तालुके राहून गेलेत, तेव्हा पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिकडे जाऊन गाणी घ्यावीत आणि मग शेवटचं प्रकरण लिहावं, असा तुमचा बेत आहे. त्यात मार्गदर्शक सर वर्षभरात निवृत्त होणार. कुणीतरी सांगितलंय की शोधनिबंधाची अट आता राहिली नाही. आणि सगळ्यात शेवटी विचारलंय, "साधारण किती पानं झाली की प्रबंध जमा करता येतो?"

पानांचं आधी सांगते, म्हणजे तो विषय संपेल. माझ्या मार्गदर्शनाखाली एकशे ऐंशी पानांचाही प्रबंध गेला आणि पाचशे वीस पानांचाही. मौखिकीत, म्हणजे तोंडी परीक्षेत, जास्त घाम दुसऱ्याला फुटला.

आता मुख्य गोष्ट. तुमची गाणी कमी पडलेली नाहीत. चारशे गाण्यांतून आपल्याला नेमकं काय म्हणायचं आहे, ते तुम्ही अजून कागदावर उतरवलेलं नाही. ते उतरवायला बसलं की मनात येतं, अजून दोन तालुके पाहून घेऊ. हे मी अंदाजाने म्हणत नाही. माझ्या स्वतःच्या प्रबंधाच्या वेळी मी साक्रीच्या पट्ट्यात दोन उन्हाळे जास्तीचे फिरले. घरी सांगायचे, सामग्री अपुरी आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात एका आजींकडे तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्या ओट्यावर सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "बठ्ठं सांगी दिनं व माय, आते काय राहिनं?" सगळं सांगून झालं, आता काय उरलं? मला उत्तर देता आलं नाही. परतीच्या एसटीत वही उघडून पाहिली, तर त्या दोन उन्हाळ्यांत मिळालेलं एकही गाणं असं नव्हतं की ज्याने माझं आधीचं म्हणणं बदललं असतं. कारण आधीचं म्हणणं असं काही नव्हतंच.

आणि अहिराणीचं फिल्डवर्क आपोआप संपेल, ही आशा सोडून द्या. ही बोली जिल्ह्याच्या हद्दीला जुमानत नाही. तुम्ही नंदुरबार केलंत तर कुणी विचारील, सटाणा-बागलाण का नाही? मालेगाव, कळवण का नाही? तिकडे अहिराणी बोलतातच की, आणि ते तालुके तर नाशिक जिल्ह्यात. उलट खानदेशात असूनही रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात लेवा बोली मोठ्या प्रमाणावर ऐकू येते. शहाद्याकडे गुजर समाजाची गुजरी आहे. वर सातपुड्यात अक्राणी-अक्कलकुव्याला भिली आणि पावरी. म्हणजे 'खानदेश' आणि 'अहिराणी' हे दोन नकाशे एकमेकांवर नीट बसतच नाहीत. यात तुमचा दोष नाही. पण एवढं तुम्ही पहिल्या प्रकरणात 'व्याप्ती आणि मर्यादा' या मथळ्याखाली दीड पानात लिहिलंत, तर ते दोन तालुके का घेतले नाहीत याचं उत्तर तिथेच होतं, आणि तेही अभ्यासाअंती दिलेलं उत्तर.

एक अपवाद मात्र आहे. आरआरसीत, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीत, मंजूर झालेल्या आराखड्यात तुम्ही तालुक्यांची नावं घातली असतील, किंवा 'तिन्ही जिल्ह्यांतील गीतांची तुलना' असं उद्दिष्ट लिहिलेलं असेल, तर नंदुरबारला जावं लागेल. पण मग आखाजीची वाट पाहू नका. वैशाखातला सण गाठायचा म्हणून हातचे आठ महिने घालवू नयेत. चार दिवसांची रजा काढा, आधी फोन करून ठेवा, आणि सण नसताना म्हणून घ्या. झोक्यावर म्हटलेलं गाणं आणि घरात बसून आठवून म्हटलेलं गाणं यांत फरक पडतो, हे मान्य. तो फरक प्रबंधात नोंदवा. रेकॉर्डिंग सणात झालं की सणाबाहेर, हे प्रत्येक गाण्यापुढे लिहायलाच हवं, आणि आपल्याकडच्या बहुतेक प्रबंधांत ते नसतं.

आता काय करायचं ते सांगते. पाच प्रकरणं कपाटात ठेवा. मंजूर आराखड्यातली उद्दिष्टं एका कागदावर उतरवा. चार-पाच असतील. प्रत्येकासमोर एक वाक्य लिहा: मला काय सापडलं. वही न उघडता, गाणी न ऐकता. 'अहिराणी स्त्रीगीतांत स्त्रीजीवनाचे प्रतिबिंब दिसते' असलं वाक्य लिहिलंत तर खोडा. ते तुम्ही एकही गाणं न ऐकता लिहू शकला असता. समजा असं काही लिहिलंत, की आखाजीच्या गाण्यांत बोलणारी बाई लेक म्हणून बोलते, माहेराला आलेली. आणि कानबाई या खानदेशातल्या देवीच्या गाण्यांत तीच बाई घरची म्हणून बोलते, रोट करणारी, देवीला घरात घेणारी. त्यामुळे दोन्हीकडे भावाला, सासूला, देवीला हाक मारायची तऱ्हा बदलते. मी हे आपलं उदाहरण देतेय, तुमची गाणी मी ऐकलेली नाहीत. पण या जातीचं वाक्य आलं की परीक्षकाला वाद घालायला काहीतरी मिळतं, आणि तुम्हालाही कळतं की चारशेपैकी कोणती साठ-सत्तर गाणी प्रकरणांत हवीत आणि उरलेली परिशिष्टात.

हे पान होईपर्यंत दुसरं काही करू नका. दोन रविवार लागतील. एखाद्या उद्दिष्टासमोर वाक्यच सुचलं नाही, तर सरांकडे जा आणि सरळ सांगा. कदाचित त्या उद्दिष्टापुरती सामग्री खरंच कमी असेल, आणि मग काय गोळा करायचं हे नेमकं कळेल. नोंदणीनंतर शीर्षक किंवा उद्दिष्ट बदलणं म्हणजे पुन्हा समितीपुढे जाणं. आठ महिन्यांत त्या वाटेला जाऊ नये. मर्यादा मोकळेपणाने लिहिणं जास्त सोपं.

त्या पानानंतर कापाकापी. तुमचं पहिलं प्रकरण मी न पाहता सांगते: 'खानदेश: भौगोलिक आणि ऐतिहासिक पार्श्वभूमी', सत्तर-ऐंशी पानं. नावाच्या व्युत्पत्तीने सुरुवात, कान्हदेश की खानांचा देश, मग अभीर, मग थाळनेर-बुऱ्हाणपूरचे फारुकी, १६०१ साली अकबराने अशीरगड घेतला आणि दानदेश नाव पडलं, १९०६ साली पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. आपल्या भागातल्या प्रत्येक मराठीच्या प्रबंधात हे असतं. बाह्य परीक्षक म्हणून माझ्याकडे जे प्रबंध यायचे, त्यांत ही पानं मी अंगठ्याने एकत्र धरून उलटायचे. सगळेच परीक्षक असं करतात असं नाही, पण बरेच करतात. फारुकींचा इतिहास तुमच्या एखाद्या गाण्याचा अर्थ लावायला लागत असेल तर तिथे त्या गाण्याजवळ या. नाहीतर सगळी पार्श्वभूमी बारा-पंधरा पानांत बसवा. मन जड होईल, कारण त्या पानांवर तुम्ही पहिली दोन वर्षं घातली असतील.

आता नियम. यात ऐकीव माहितीवर जाऊन लोक अडकतात. शोधनिबंधाची सक्ती यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीने काढली हे खरं. पण ती नियमावली ७ नोव्हेंबर २०२२ ला लागू झाली, आणि त्याआधी नोंदणी झालेल्यांना जुनेच नियम लागू राहतील असं तिच्यातच म्हटलंय. तुमची नोंदणी २०२१ ची, म्हणजे २०१६ चे नियम. त्यांत प्रबंध जमा करण्याआधी संदर्भित नियतकालिकात किमान एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन निबंधवाचनं हवीत, पुराव्यासह. तुमच्याकडे ती आहेत का, हे प्रश्नात दिसलं नाही. नसतील तर शोधनिबंधाचं काम आजपासून, कारण चांगलं नियतकालिक चार-सहा महिने घेतं. 'पंधरा दिवसांत छापून देतो, अमुक इतके हजार भरा' असे मेसेज येतील. तिकडे जाऊ नका. यूजीसीची मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली, तेव्हा नियतकालिक कोणतं चालेल हे विभागाला विचारून, उत्तर ईमेलवर घेऊन मगच पाठवा.

मुदतीबद्दल: नोंदणीपासून सहा वर्षं, आणि महिलांना कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलत. शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत रजा. म्हणजे आठ महिन्यांनी आकाश कोसळणार नाही. हे सांगू की नको असा विचार करत होते, कारण दोन वर्षं हातात आहेत म्हटलं की ती दोन वर्षंही जातात. पण घरी आजारपण, मुलांची दहावी-बारावी, बोर्डाच्या पेपर तपासणीचे गठ्ठे हे सगळं असतं, आणि घाबरून कच्चा प्रबंध देण्यापेक्षा रीतसर अर्ज केलेला बरा. फक्त सवलत आपोआप मिळते असं समजू नका. मुदत संपण्याच्या आत अर्ज आणि त्यावर आवक क्रमांक.

सरांच्या निवृत्तीचा प्रश्न विद्यापीठागणिक वेगळा असतो. २०२२ च्या नियमावलीत आहे की आधी नोंदलेल्या विद्यार्थ्यांना निवृत्तीपर्यंत मार्गदर्शन करता येतं, आणि त्यानंतर सहमार्गदर्शक म्हणून, वयाच्या सत्तरीपर्यंत. तुमच्या जुन्या नोंदणीला तुमचं विद्यापीठ हे कसं लावतं ते लेखी विचारा. माझा सल्ला मात्र नियमापलीकडचा आहे. सर खुर्चीवर असताना पूर्वसादरीकरण, म्हणजे प्रबंध जमा करण्याआधीचं समितीपुढचं सादरीकरण, उरकून घ्या. निवृत्त माणसाची सही मिळते, पण तो तुमच्या कामासाठी विभागात रोज जात नाही. मी आता निवृत्त आहे, म्हणून सांगते.

कॅलेंडर मागून पुढे मांडा. आठव्या महिन्याच्या शेवटी प्रबंध जमा. मुदत ही जमा करण्याची असते, मौखिकीची नव्हे. त्याआधी एक महिना छपाई, प्रमाणपत्रं, ग्रंथालयाचा ना-देय दाखला, शुल्काची पावती, साम्य अहवाल (दुसऱ्यांच्या लेखनाशी किती मजकूर जुळतो त्याचा) यांचा. त्याआधी संशोधन सल्लागार समितीपुढे पूर्वसादरीकरण, आणि तिथे आलेल्या सूचना घालायला किमान तीन आठवडे. काही ठिकाणी सारांश आधी द्यावा लागतो आणि त्यानंतर काही महिन्यांनीच प्रबंध घेतात. तुमच्याकडे असं असेल तर आजच्या हिशोबातून तेवढे दिवस वजा करा. सरांना वाचायला महिना धरा. ते 'आठ दिवसांत देतो' म्हणतील. महिनाच धरा. एवढं वजा केल्यावर लिहायला तुमच्या हातात फार तर पाच महिने उरतात, आणि म्हणूनच मी आखाजीला नाही म्हणतेय.

टंकलेखनावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण तिथे माझे हात पोळलेत. माझा प्रबंध नव्वदच्या दशकाअखेरीस एका डीटीपी सेंटरवर श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप झाला. टाइप करणारा मुलगा हुशार, शुद्धलेखन पक्कं. इतकं पक्कं, की त्याने माझी गाणी सुधारली. अहिराणीत 'डोया' असतं, त्याने 'डोळा' केलं. 'पानी'चं 'पाणी', 'मना भाऊ'चं 'माझा भाऊ'. मीही घाईत मुद्रितं वरवर पाहिली, कारण वाचताना कान आपोआप दुरुस्ती करतो. मौखिकीत परीक्षकांनी एक पान उघडून शांतपणे विचारलं, "बाई, ही अहिराणी आहे का?" तीनशे लोकांच्या तोंडून आणलेली बोली मी एका संगणकावर प्रमाण मराठी करून बसले होते. पदवी मिळाली, पण तो परिशिष्टाचा भाग नंतर हाताने दुरुस्त करून प्रत पुन्हा द्यावी लागली.

आज तेच काम मोबाइल करतो. बोलून टाइप केलं की तो बोलीतला शब्द ऐकून जवळचा प्रमाण शब्द टाकतो. म्हणून गाणी बोलून टाइप करू नका, आणि सेंटरवर दिलीत तर गाण्यांच्या फाइलवर वरच लिहा, 'जसे आहे तसे, एक अक्षरही सुधारू नये'. मग रेकॉर्डिंग कानाला लावून एकेक ओळ ताडा. गावाकडची एखादी जाऊ, नणंद सोबत घ्या. तिला प्रबंध कळला नाही तरी चुकलेली ओळ लगेच कळते.

दुसरं, फॉन्ट. श्रीलिपी, कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाने आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ती निरर्थक दिसतात. मग अहवालात शून्य टक्के येतात, विद्यार्थी पेढे वाटतो, आणि विद्यापीठाचा ग्रंथपाल फाइल परत पाठवतो. शिवाय प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, चढल्यावर त्यातला एक शब्दही कुणाला शोधून सापडत नाही. तेव्हा सगळं युनिकोडमध्येच. जुनी प्रकरणं श्रीलिपीत असतील तर रूपांतर होतं, पण रफार, जोडाक्षरं आणि 'ऱ्ह', 'ऱ्य' हमखास मोडतात. अहिराणीत तर 'करी ऱ्हायनी', 'जाई ऱ्हायना' पावलोपावली. रूपांतरानंतर 'ऱ्ह' असलेला प्रत्येक शब्द शोधून पाहा.

साम्याचे टप्पे यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत आहेत. दहा टक्क्यांपर्यंत कारवाई नाही. दहा ते चाळीस असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचं. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. साठच्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश यांत धरत नाहीत, आणि श्रेय देऊन घेतलेलं अवतरणही नाही. तुमची अडचण गाण्यांची आहे. तुम्ही स्वतः जाऊन रेकॉर्ड केलेलं गाणं आधी कुणाच्या संग्रहात छापलेलं असेल तर ते साम्यात येणारच. प्रत्येक गाणं अवतरणचिन्हांत ठेवा, खाली गायिकेचं गाव आणि रेकॉर्डिंगची तारीख द्या, आणि छापील पाठ माहीत असेल तर तोही नोंदवा. मग टक्के वाढले तरी अहवालाची पानं उघडून दाखवता येतात. नावं छापायची तर गायिकांची परवानगी घ्या. काहीजणींना सासरच्यांनी वाचलेलं नको असतं.

मौखिकीची भीती आत्ता नको. निदान दोन बाह्य परीक्षक प्रबंध वाचतात आणि त्यांतला एक समोर असतो. मी समोर बसायचे तेव्हा आधी उद्दिष्टं वाचायचे, मग थेट निष्कर्ष, मग संदर्भसूची, आणि मधलं एखादं पान कुठलंही. उद्दिष्ट पाच आणि निष्कर्ष अकरा असले की मी पेन उघडायचे. तुमचं ते एक पान नीट झालं तर अशी वेळ येत नाही.

थोडक्यात क्रम असा: आधी निष्कर्षाचं पान, त्याच आठवड्यात शोधनिबंधाची चौकशी, मग कापाकापी, आणि गाण्यांचं टंकन स्वतःच्या नजरेखाली. नंदुरबारचा निर्णय ते पान झाल्यावरच. या रविवारी आरआरसीच्या मंजुरीचं पत्र आणि त्यासोबतचा आराखडा शोधून काढा. माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांना तो ऐन वेळी सापडत नसे, आणि एकाचा तर त्याच्या बायकोने रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलेला निघाला. तो मिळाला की उद्दिष्टं जशीच्या तशी उतरवून पाठवा. नंदुरबारला जायचं की नाही ते मग नीट सांगता येईल.